फाडलेल्या पानातला जबडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही: इथे आखातात, बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, कपाटावर, बुटांच्या खोक्यात जो दगडी जबडा आहे, तो मी साइटवरून चोरून आणला.

मी सर्व्हेअर. मेसईदकडे पाइपलाइनचा चर खणताना तो निघाला. सापडला रत्नागिरीच्या एका मजुराला. त्याच्या घरी शेरडं होती. दात चाचपून तो म्हणाला, "साहेब, ही बकरीचीच जात. पण पार दगड झालाय."

"गप ठेव तिकडे."

"का? म्युझियमला कळवूया की. तुम्हाला दुर्बिणीतून दिसली नाही, मला नुसत्या डोळ्यांनी दिसली. माझं नाव तरी लागू दे."

कळवलं असतं तर काम थांबलं असतं आणि जाब मला विचारला असता. तरी हाताच्या सवयीने जागेचं रीडिंग घेतलं, फील्ड बुकात लिहिलं. मग ते पान फाडून जबडा त्यातच गुंडाळला. "खलास," त्याला म्हटलं. तो बोलेल या भीतीने दोनच दिवसांत त्याला दुसऱ्या साइटवर पाठवायला लावलं. चर बुजला.

गेल्या महिन्यात लेकीने खोकं उघडलं. इंटरनेटवरच्या फोटोंशी दात ताडून पाहत बसली. पॅकिट्रॅगस नावाची, शेळीसारखी चरणारी, फार पूर्वी नामशेष झालेली प्रजाती आहे म्हणे. पलीकडे सौदीत तिचे अवशेष मिळालेत. हा त्यातलाच असावा, असं तिला वाटतं. खरंखोटं जाणकार ठरवतील. तिने विचारलं, "बट बाबा, व्हेअर एक्झॅक्टली वॉज इट?"

"दुकानातून घेतला," मी म्हणालो.

कुठली वस्तू नेमकी कुठे आहे हे सांगण्याचाच मी आजवर पगार घेतला. आज जिथे नुसती वाळू आणि पाइप आहेत, तिथे एकेकाळी गवत होतं आणि ते खाणारं जनावर होतं, ही गोष्ट त्या एका पानावर टिकून आहे. पान नसेल तर जबडा म्हणजे नुसता दगड.

इथे रविवार कामाचा, म्हणून त्या दिवशी रजा टाकली आहे. म्युझियमची वेळ घेतली आहे. जबडा, पान आणि कुणी शोधला, कुणी लपवला हे लिहिलेला कागद देणार. नोकरीचं जे व्हायचं ते होवो. त्याआधी हे घरात वाचून दाखवणार.

तो मजूर आता कुठे आहे, मला माहीत नाही. त्याला शोधून, समोर उभं राहून माफी मागणं अजून बाकी आहे.