मत्तय सहा आणि माझी जाऊ

मत्तयाच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय मला तोंडपाठ आहे, पण तो मी भक्तीनं पाठ केलेला नाही. भांडायला पाठ केला, वकील कलमं पाठ करतो तसा. त्यात येशूनं साफ सांगितलंय की प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लाव आणि मग देवाशी बोल. लोकांनी पाहावं म्हणून चव्हाट्यावर उभं राहू नको. हे वचन माझ्या मोठ्या जावेच्या कपाळावर गोंदवून ठेवावं, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

नागपुरात आम्ही मिशनच्या आवारात राहायचो. दोघं भाऊ, दोन बिऱ्हाडं, शेजारी शेजारी. दर बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा असायची, आळीपाळीनं एकेकीच्या घरी. गाणी व्हायची, वचन व्हायचं, आणि मग सभा चालवणारी म्हणायची, "आता प्रार्थनेचे विषय सांगा." खरी सभा तिथून सुरू व्हायची. कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाचा पोरगा तिसऱ्यांदा मॅट्रिकला बसला, सगळं देवाला सांगायच्या निमित्तानं वीस बायकांना कळायचं. बरं, चहाड्या म्हणाव्यात तर सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि शेवटी आमेन.

अशाच एका बुधवारी जाऊ उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हे दयाळू बापा, माझ्या धाकट्या दिराला दारूच्या बंधनातून सोडव." मी तिच्या मागेच बसले होते. धाकटा दीर म्हणजे माझा नवरा. तिला तो एकच दीर.

तो प्यायचा, हे खरं होतं. शनिवारी प्यायचा, मुकाट्यानं येऊन झोपायचा, आणि रविवारी सकाळी आंघोळ करून संडे स्कूलच्या पोरांना शिकवायला जायचा. पोरांचा त्याच्यावर जीव होता. त्याचं पिणं मी घरातल्या घरात सांभाळलं होतं. त्या बुधवारी संध्याकाळपर्यंत आवारात दवंडी पिटल्यासारखं झालं. पुढच्या रविवारी त्याच्या वर्गात निम्मी पोरं आली, त्याच्या पुढच्या रविवारी दोन. मग तो जाईनासाच झाला. चर्चही सुटलं. शनिवारची दारू मात्र रोजची झाली.

मी जावेशी बोलणं टाकलं. ती एकदा समजूत काढायला आली. म्हणाली, "मी तं देवालेच सांगितलं ना वं. तुले काहून राग आला?"

"देवाले सांगाले वीस बायका काहून लागतात?" मी म्हटलं, आणि दारात उभी राहून तिला सहावा अध्याय सुनावला.

"त्याच अध्यायात खाली माफीचं लिहिलं आहे," ती म्हणाली. "तेही वाच."

ते मला माहीत होतं. तुम्ही लोकांना क्षमा केली नाही, तर बापही तुम्हाला करणार नाही, असं तिथेच आहे. तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिच्या तोंडावर दार लावलं.

पुढे दोनेक वर्षांनी तिच्या मुलीचं, म्हणजे माझ्या पुतणीचं, लग्न ठरत आलं. कोराडीचा वीज कारखाना तेव्हा नवा होता, आणि तिथे नोकरीला असलेला, दारू न पिणारा, रोज बायबल वाचणारा मुलगा मिळणं म्हणजे लॉटरीच. पोरगी गुणाची होती. आम्हा दोघींचं भांडण असूनही मागच्या दारानं यायची, काकासाठी वाटीभर भाजी ठेवून जायची. तिला लहानपणापासून झटके यायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दोन वर्षं बंद होते. मुलाकडच्यांना ते कधी आणि कसं सांगायचं, याचा त्यांच्या घरात खल चालला होता. मला ते सगळं ठाऊक होतं.

अशातच एका बुधवारी सभेला मुलाची आत्या आली होती. मी तिला पाहिलं. पाहून, जागा बदलून, तिच्या अगदी जवळ जाऊन बसले. हे मी कुणापासून लपवत नाही. विषय मागितले तेव्हा मी उभी राहिले आणि गोड आवाजात म्हणाले, "बापा, माझ्या पुतणीला लग्नाच्या आधी झटक्यांच्या आजारातून पूर्ण बरं कर. येशूच्या नावानं मागते."

सगळ्या आमेन म्हणाल्या. जावेच्या तोंडूनही सवयीनं आमेन निघालं. मग तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मला गार गार वाटलं. उट्टं निघालं होतं.

आठ दिवसांत निरोप आला की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. जाऊ भांडायला येईल म्हणून मी पदर खोचून तयार होते. ती आली नाही. नवऱ्यानं तेवढं विचारलं, "तू काहून बोलली वं? त्या पोरीनं तुह्यं काय बिघडवलं होतं?" मी म्हटलं, मी तर प्रार्थनाच केली. तो उठला. चपला घालून बाहेर निघून गेला.

आणखी काही दिवसांनी पुतणी आली, नेहमीसारखी मागच्या दारानं. डोळे सुजलेले होते, पण आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"काकू, एक विचारू का जी?" ती म्हणाली. "तुम्ही घरी कधी माह्यासाठी प्रार्थना केली होती का? एकट्यानं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं.

"नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. "आई काकासाठी करते. रोज सकाळी, चूल पेटवायच्या आधी. अजूनही करते. म्हणून विचारलं."

ती गेली, आणि मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. जावेचा जितका राग मला त्या घडीला आला, तितका आधी कधीच आला नव्हता.