रोझलीनचा पहारा

रोझलीन गेली तेव्हा शाळेच्या पटांगणात तिची शोकसभा झाली. सहा जणांनी भाषणं केली. तिने मुलींची पथकं कशी उभी केली, पंचायतीत कशी निवडून आली, बंदरावरचा दारूचा गुत्ता कसा उठवला, सगळं सांगून झालं. आणि सहाही जणांनी शेवट एकच केला, की बाईने आयुष्यात कधी कच खाल्ली नाही. मी पुढच्याच रांगेत बसले होते आणि मला संताप येत होता. मेलेल्या माणसाला असं घासूनपुसून गुळगुळीत करायची आपल्या लोकांना फार हौस. रोझलीनने एकदा कच खाल्ली होती. मी तिच्या शेजारी उभी होते, आणि खरं सांगायचं तर मीही तिच्याबरोबर खाल्ली होती. ते सांगितल्याशिवाय बाकीच्या कौतुकाला अर्थ नाही, म्हणून सांगते.

आमचं गाव पाचूबंदर, वसईच्या किल्ल्यापलीकडे, खाडीच्या तोंडावर. रोझलीन ख्रिस्ती कोळ्यांची, मी हिंदू कोळ्यांची मथुरा. आमच्या आळ्या वेगळ्या, पण धंदा एक आणि प्यायच्या पाण्याची विहीरही एक. बाकी तीन बाजूंना खारं पाणी, त्यामुळे त्या विहिरीला लोक देवळा-चर्चइतकंच जपत.

१९५० साली माणिकपूरहून मार्गारेट बाई आमच्या शाळेत आल्या आणि त्यांनी मुलींचं सेवापथक काढलं. रविवारची चर्चमधली मिस्सा सुटली की आम्ही बारा जणी पटांगणात जमायचो. कवायत, गाठी मारणं, जखम बांधणं, भाजलं-कापलं तर काय करायचं, असं सगळं बाई शिकवत. गावाने आधी भरपूर चेष्टा केली. "आता ह्या पोरी होड्या घेऊन दर्यावर जानार, आनि आमी घरी मासली सुकवनार," असं म्हणत म्हातारे जाळी विणता विणता हसायचे.

कोळणीच्या पोरींना बोलायला शिकवावं लागतं म्हटलं तर कोणालाही हसू येईल. बाजारात आमच्या आयांसमोर भलेभले गप्प व्हायचे. पण तो बाजार. गावकीत पुरुष बसले की त्याच आया दाराआड उभ्या राहून ऐकत, आणि तोंडातून ब्र काढत नसत. बाईंनी हे पहिल्याच महिन्यात हेरलं असावं. त्यांची शिकवायची रीत अशी, की दर रविवारी एक मुलगी पुढे उभी करायची, सगळे हुकूम तिने सोडायचे, आणि बाई मागे बाकावर गप्प बसायच्या. चूक झाली तरी उठायच्या नाहीत.

रोझलीन तेव्हा सोळा वर्षांची, अंगाने काटकुळी, बोलायची ती स्वतःच्या पायांकडे बघून. तिची पहिली पाळी आली तेव्हा तिने आम्हाला चालवत कुंपणापर्यंत नेलं आणि पुढचा हुकूमच विसरली. आम्ही कुंपणाला नाक लावून उभ्या. बाई हलेनात. आमच्यातली एक हसायला लागली, एक रडकुंडीला आली. शेवटी रोझलीन जीव खाऊन ओरडली, "मागं फिरा गं बायांनो!" हा हुकूम कुठल्याच पुस्तकात नव्हता, पण आम्ही फिरलो. त्या दिवसापासून ती मान वर करून बोलायला लागली असं मी म्हणणार नाही, त्याला वर्ष गेलं. पण दोन वर्षांत ती पथकाची प्रमुख झाली, गळ्यात प्रमुखाची शिट्टी आली, आणि ती बोलायला लागली की आम्ही ऐकायचो.

बाईंनी तिला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. नाही म्हणायचं असेल तर कारण सांगायचं, आणि कारण सांगून झालं की गप्प उभं राहायचं. "कारण सांगणं सोपं आहे," बाई म्हणायच्या. "नंतरचं गप्प उभं राहणं जमलं पाहिजे."

१९५२ च्या मे महिन्यात गावात पटकी आली. आठवड्यात चार माणसं गेली. वसईच्या दवाखान्यातले डॉक्टर आले, सगळ्यांना सुया टोचल्या, विहिरीत वाकून बघितलं आणि म्हणाले, विहिरीत टाकायची दवा ठाण्याहून मागवली आहे, ती येईपर्यंत ह्या विहिरीचं पाणी कोणी काढायचं नाही. मग प्यायचं काय? गावकीचे पुरुष एकमेकांची तोंडं बघत बसले. तेव्हा रोझलीन, अठरा वर्षांची पोर, सगळ्या गावासमोर उभी राहिली आणि म्हणाली, गावाबाहेरच्या वाडीतल्या गंगारामदादांच्या विहिरीचं पाणी बैलगाडीने आणू, पथकातल्या मुली घरोघर वाटतील, आणि ह्या विहिरीवर पहाराही आम्हीच देऊ. तिचं बोलणं पार मागच्यांनाही ऐकू गेलं.

आणि आम्ही केलं ते. गंगारामदादा दिवसातून तीन फेऱ्या मारायचे. घरात माणसं किती, तान्हं मूल आहे का, आजारी कोण, हे रोझलीनने घरोघर जाऊन लिहून घेतलं होतं, त्याप्रमाणे पाणी मिळायचं. पाणी उकळा म्हणून आम्ही दारोदार सांगत फिरायचो. विहिरीच्या काठाला चारी बाजूंनी दोरी बांधली होती आणि दोन-दोन मुली पाळीने तिथे उभ्या असायच्या. एकदा एका खलाशाने दमदाटी केली, तर रोझलीनने त्याला कारण सांगितलं आणि त्याच्यासमोर गप्प उभी राहिली. तो शिव्या देत गेला. पाच दिवसांत नवीन आजारी कोणी नाही. ज्यांनी चेष्टा केली होती ते म्हातारे आम्हाला बघून सरकून वाट द्यायला लागले. आमच्या अंगावर मूठभर मांस चढलं, ते मी नाकारत नाही.

सहाव्या दिवशी रविवार होता, आणि सोमवारी रोझलीनच्या भावाचं, ऑगस्टीनचं लग्न होतं.

लग्न पुढे ढकलावं असं बऱ्याच जणांनी सुचवलं, पण नवरीकडची माणसं अर्नाळ्याहून आधीच येऊन बसली होती. बरं, लग्न म्हटलं की आदल्या संध्याकाळी नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी गावच्या विहिरीवरून आणायचं. बँड पुढे, बायका गाणी म्हणत मागे. विहिरीला विडा वाहायचा आणि पहिली घागर नवऱ्याच्या बहिणीने ओढायची. मोठी बहीण एकच, रोझलीन. मार्गारेट बाईंनी रोझलीनच्या आईला, कॅथरिन मावशीला, घरी जाऊन समजावलं होतं की वाडीच्या विहिरीवर वाजतगाजत जाऊ, सगळं तसंच करू. मावशीने ऐकून घेतलं आणि मान हलवली. आम्हाला वाटलं, झालं.

संध्याकाळी बँड वाजत आला तो आमच्याच विहिरीकडे. पुढे कॅथरिन मावशी, डोक्यावर फुलं गुंडाळलेली तांब्याची घागर. तिच्या लुगड्याला धरून बेटी, रोझलीनची धाकटी बहीण, नऊ वर्षांची, नवा झगा घातलेली, बँडच्या तालावर उड्या मारत. पहाऱ्यावर मी आणि रोझलीन.

रोझलीन म्हणाली, "आये, विहीर बंद हाय. दवा आली नाय अजून."

"एक घागर, बाय," मावशी म्हणाली. "लगनाचा पानी हाय, पियाचा नाय. दुसऱ्याचे विहिरीचा पानी माझे पोराचे अंगावर घालू? त्याचा बापूस, आजा, सगले ह्याच पान्यान नवरे झाले."

रोझलीनने पुन्हा कारण सांगितलं. मग ती गप्प उभी राहिली, जसं शिकवलं होतं तसं. बँड थांबला. बायका थांबल्या. मावशीने घागर खाली ठेवली, पदर दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांसमोर आपल्या पोरीपुढे पसरला. आईने पसरलेल्या पदरासमोर कसं उभं राहायचं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

मला वाटलं, आंघोळीचं तर पाणी. अंगावर ओतायचं, जमिनीत जाणार. एका घागरीने काय होतं? रोझलीनने माझ्याकडे बघितलं, आणि मी तिला सावरण्याऐवजी दोरीची गाठ सोडली. मीच सोडली. तिने घागर ओढली, आणि बँड पुन्हा वाजायला लागला.

आता ऐका, आमच्या आम्ही कशा फसलो. लग्नाच्या पाण्यातलं उरलेलं पाणी आमच्याकडे फेकत नाहीत. ते घरात वाढ व्हावी म्हणून प्यायच्या रांजणात ओततात. ख्रिस्ती घरांत ओततात, आमच्याही घरात ओततात. परक्या माणसाने सांगितलं असतं तर आम्ही चटकन विचारलं असतं, उरलेल्या पाण्याचं काय करणार? पण हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की ना मला आठवलं, ना रोझलीनला. मावशीलाही ओतताना काही वाटलं नसणार. तिने ऑगस्टीनची आंघोळ उरकली आणि उरलेली अर्धी घागर, वाडीचं उकळलेलं पाणी भरलेल्या रांजणात रिती केली. सोमवारी लग्नघरातली मोठी माणसं बाटल्यांतला सोडा प्यायली. नाचून नाचून दमलेली बेटी मात्र सारखी रांजणावर जात होती.

मंगळवारी रात्री तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. डॉक्टर आले, सलाइन लावलं, फार उशीर झाला होता. बुधवारी दुपारी बेटी गेली. तिचा नवा झगा अजून दोरीवर वाळत होता.

रोझलीन घरातून निघाली ती तडक मार्गारेट बाईंकडे. मी तिच्या मागोमाग. तिने गळ्यातली शिट्टी काढून बाईंच्या टेबलावर ठेवली आणि काय घडलं ते एक अक्षर न लपवता सांगितलं. दोरी मी सोडली हे मात्र तिने सांगितलं नाही, ते मला सांगावं लागलं. "माझं नाव काढा," ती म्हणाली. "दुसरी कोणी नेमा."

बाई तिच्यापेक्षा जास्त रडत होत्या. त्यांनी तिचं सांत्वन केलं नाही, तुझी चूक नाही असलं खोटंही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नेमीन. पण गंगारामच्या गाडीचं चाक मोडलंय. संध्याकाळपर्यंत पाणी येणार नाही. बायका विहिरीवर जातील. आत्ता तिथे कोण उभं राहील, ते तू मला सांग."

 रोझलीनने शिट्टी उचलली, गळ्यात घातली नाही, मुठीत धरली, आणि आम्ही दोघी विहिरीवर गेलो. मी दोरी पुन्हा बांधली. गाठ तीनदा सुटली, चौथ्यांदा बसली.

चारच्या सुमाराला बायका यायला लागल्या. सात-आठ जणी, काखेत रिकामे हंडे. घरात थेंब नाही, पोरं पाणी मागताहेत, असं म्हणत त्या दोरीपाशी उभ्या राहिल्या. रोझलीन कारण सांगत होती, पण कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. एक जण तोंडावरच म्हणाली, "तुझे भावाचे लगनाला मोकली, आनि आमचे पोरांना बंद काय?"  त्या बाईने दोरीला हात घातला.

तेवढ्यात बायका बाजूला झाल्या. मागून कॅथरिन मावशी येत होती. केस सुटलेले, पायांत काही नाही, आणि हातात तीच तांब्याची घागर. बेटीला न्हाऊ घालायला पाणी हवं होतं.

रोझलीन तिच्यासमोर उभी राहिली. "घरी वाडीचा पानी हाय, आये. मी उकलून ठेवलाय."

"माझे पोरीला आपले विहिरीचा पानी पायजे."

"नाय, आये."

मावशीने तिच्याकडे असं बघितलं की मला डोळे मिटावेसे वाटले. मग ती ओरडली, "तवा दिलास ना? लगनाला दिलास! तवा का नाय अडवलास मना? आज अडवतेस?"

रोझलीनच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ती बाजूला झाली नाही. "चुकले, आये," ती म्हणाली. "तवाच अडवाला पायजे होता."

मावशीने हात उगारला. आता ही हिला मारते असं वाटून मी पुढे झाले. रोझलीन जागची हलली नाही, तिने मानसुद्धा वळवली नाही. तो हात तसाच वर राहिला, मग हळूहळू खाली आला. मावशी वळली. तिच्या मागे सगळ्या बायका हंडे घेऊन उभ्या होत्या, आणि मघाची ती बाई अजून दोरीला धरून होती. मावशीने तिचा हात धरून दोरीवरून काढला.

"परत जा गं," ती म्हणाली. "हिचा आयका. मी नाय आयकला."

बायका परत गेल्या. संध्याकाळी वाडीच्या उकळलेल्या पाण्याने आम्ही बेटीला न्हाऊ घातलं.