बाईंची सिनेमातली कारकीर्द

परंड्यानं आजवर एकच फिल्मस्टार दिली आणि तिला चार पाय होते, असं आमचे शेजारचे मामा कुणालाही शपथेवर सांगत. हे मामा माझेच काय, कुणाचेच मामा नव्हते. बाजारतळावर तंबूतला सिनेमा होता, त्याची जाहिरात मामांकडं होती. बैलगाडीच्या दोन्ही बाजूंना पोस्टरं बांधायची, भिंतींवर चिकटवायची, हातात पत्र्याचा भोंगा घ्यायचा आणि आसपासची खेडी ओरडत पालथी घालायची. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी शाळेवर मास्तर म्हणून नुकताच आलो होतो. पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "बाई, उठा. शूटिंगला उशीर व्हायलाय." मामांनी घरात कुणी नटी आणून ठेवलीय असं वाटून मी दोन दिवस त्या दिशेला बघायचंसुद्धा टाळलं.

तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच माझ्या ओसरीवर आल्या आणि माझी एक चप्पल घेऊन गेल्या. पिवळट रंगाची, एक कान तुटलेली गावठी कुत्री! पिल्लू असताना ती किल्ल्याच्या खंदकात चिखलात रुतली होती. लोक वरून हळहळत होते. मामा मात्र धोतर सोडून त्याचा दोर करून खाली उतरले होते. पण ते हे कधी असं सांगत नसत. "पहिल्याच पिच्चरला स्टंट, गुरुजी! डुप्लिकेट न्हाय, काय न्हाय!" तिनं वाण्याचा गूळ पळवला की तो खलनायिकेचा रोल. एकदा तिला पिलं झाली, तेव्हा बघायला येणाऱ्यांना मामा दारातूनच परत पाठवत. "बाई सध्या आईचं काम करत्यात. भेटायच्या न्हाईत." गाडीवर ती त्यांच्या शेजारी ताठ बसे. भोंगा सुरू झाला की तीही मान वर करून सूर लावी. गावाला सिनेमा आवडो न आवडो, बाई आवडत.

मग एका उन्हाळ्यात गावात पिसाळलेला कुत्रा शिरला. वेशीजवळ तो तिघांना चावला आणि त्यातला एकजण महिन्याभरात पाण्याला भिऊन भिऊन गेला. तेव्हापासून गावाचा नूरच बदलला. लोक काठी घेतल्याशिवाय बाहेर पडेनात. निजामाच्या फौजेतून आलेल्या एका म्हाताऱ्या जमादारांनी आपली बंदूक साफ करून ठेवली. मी मामांना म्हटलं, बाईंना बांधून ठेवा. ते म्हणाले, "स्टारला बांधत्यात व्हय?"

एके दिवशी सकाळी शाळेला निघालो तर चावडीपुढं गर्दी. माणसं भिंतींना चिकटून उभी आणि मधल्या मोकळ्या जागेत बाई. तोंडातून पांढराशुभ्र फेस गळत होता. ती मान झटकत होती आणि झटकताना लडखडत होती. "पिसाळली! पिसाळली!" कुणीतरी ओरडलं. जमादारांनी बंदूक खांद्याला लावली.

मामा कुठूनसे धावत आले आणि मधे उभे राहिले.

"हटो मामा," जमादार म्हणाले. "लई लाडाची हाय, ठावं हाय मला. पन आता ती तुमची न्हाय."

"जमादारसाब, एक मिनिट."

"एक मिनिटात चावंल!"

मीही ओरडलो, "मामा, मागं या!" मामा मागं आले नाहीत. ते तिच्यापुढं उकिडवे बसले आणि रोजच्याच आवाजात म्हणाले, "बाई, तोंड उघडा."

आणि त्यांनी मनगटापर्यंत हात तिच्या जबड्यात घातला.

बंदूक तशीच रोखलेली होती. मामांनी हात बाहेर काढला. बोटांवरचा तो पांढरा लगदा डोळ्यांजवळ धरला आणि सरळ जिभेवर ठेवला. मी डोळे मिटले.

"खळ हाय!" मामा ओरडले. "पोस्टरची खळ! मैद्याची! माझं अख्खं पातेलं चाटलंय हिनं!"

जमादार बंदूक टेकून मटकन खालीच बसले. हसू फुटायला गावाला बराच वेळ लागला. मामा दिवसभर बाईंना रागावत होते, "इतकं खरं काम करायचं असतं व्हय?"

बाई पुढं आठ वर्षं जगल्या. शेवटी शेवटी त्या फक्त पडून असत. मामा म्हणत, चरित्र भूमिका करत्यात. एका थंडीत सकाळी त्या उठल्याच नाहीत. बाजारतळामागं बाभळीखाली आम्ही दोघांनी खड्डा केला. मामा त्या दिवशी सिनेमाचं अवाक्षर बोलले नाहीत. माती लोटून झाल्यावर एकदम म्हणाले, "गुरुजी, चावडीपुढं मला तरी कुठं ठावं हुतं, खळ हाय म्हणून?"

"म्हणजे? तिला पातेलं चाटताना पाहिलं नव्हतं तुम्ही?"

"न्हाय. जिभेवर ठेवली तवा कळलं."

"मग हात कसा घातलात?"

मामा तळव्यानं माती दाबत राहिले. "समदे बंदुकीकडं बघत हुते, गुरुजी," ते म्हणाले. "ती माझ्याकडं बघत हुती."