बारीककाका आणि फुलून गेलेली लिली

बारीककाका अंगानं चांगले ऐसपैस होते. नाव पडलं ते धंद्यामुळे. सलूनच्या खुर्चीत बसलेल्या माणसानं "मागून थोडे घ्या" म्हणावं की "नुसते कानावरचे", काका "बारीक करतो" म्हणत आणि माणूस उठायचा तेव्हा शाळेच्या पहिल्या दिवशी आलेल्या मुलासारखा दिसायचा. तक्रार कोणी करत नसे. जुनी गिऱ्हाइकं होती. दुकान बदलावं इतके केस आता कोणाकडे उरले नव्हते.

दुकान खाली आणि दोन खोल्या वर. वरच्या खिडकीत वर्षातून एकदा काकूंची लिली यायची. तिचं खरं नाव अमॅरिलिस, पण ते काकूंच्या जिभेवर कधी बसलं नाही. कुंडीत मुठीएवढा कांदा, त्याची मान मातीबाहेर, त्यातून अंगठ्याएवढा जाड दांडा, आणि दांड्याच्या टोकाला चार लालभडक कर्णे. रस्त्यावरची माणसं मान वर करून बघत. आठ-दहा दिवस काका "आमची लिली" म्हणून मिरवून घेत. नंतर कुंडी कुठंतरी जायची. कुठं, ते त्यांनी विचारलं नव्हतं. रोज सकाळी दुकानात घडी घातलेले टॉवेल यायचे, तेही कुठून येतात हे त्यांनी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी लिली फुलली तेव्हा काकू दवाखान्यात होत्या. काका रोज जाऊन बातमी देत.

"दोन कळ्या उमलल्यात. दोन वाटेवर आहेत."

"दांडा वाकला असेल. काठी लावा."

काठी काही सापडेना. काकांनी लांब शेपटीचा कंगवा बांधला आणि तसं सांगितलं. काकू हसल्या, मग खोकल्या. चौथं फूल उमललं त्या आठवड्यात काकू गेल्या.

माणसं आली, गेली. घर रिकामं झालं. फुलांचा भिजल्या कागदासारखा लगदा झाला आणि पानं लांबच लांब वाढून खिडकीभर अस्ताव्यस्त लोळू लागली. एका सकाळी काकांनी ते बघितलं आणि हात आपोआप कात्रीकडे गेला. एका हातात कंगवा, एका हातात कात्री. कांद्यापासून बोटभर अंतर ठेवून सगळी पानं एका रेषेत. दांडाही उडवला. मानेवरची माती ब्रशनं झटकली. त्या दिवसांत निदान एक गोष्ट नीट झाली, असं वाटून त्यांना जरा बरं वाटलं.

रविवारी काकूंची धाकटी बहीण आली. हिच्या जिभेला अशी धार, की वस्तऱ्यानं लाजावं.

"भावजी, हे कोणी केलं?"

"मी. कसं स्वच्छ दिसतंय, नाही?"

"स्वच्छ? चक्क भादरलंत तिला!"

"अगं, कापलं की जोमानं येतं."

"केस येतात जोमानं. तेही तुमच्या गिऱ्हाइकांचे येत नाहीत!"

एवढं बोलून ती खाटेवर बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडायलाच लागली. काका कात्री लपवावी की टाकून द्यावी या विचारात उभे.

"ताई या पानांसाठी राबायची," ती म्हणाली. "फूल काय, चार दिवसांचं. फुलून झालं की कांदा पार रिकामा होतो. मग पानं ऊन खाऊन त्याला भरवतात, तेव्हा कुठं पुढच्या वर्षीचं फूल आत तयार होतं. सुकलेली फुलं तेवढी खुडायची, दांडा पिवळा पडला की कापायचा. पानांना हात लावायचा नाही."

"मरेल का गं?"

तिनं कांदा अंगठ्यानं दाबून पाहिला. "टणक आहे अजून. बघू."

दुसऱ्या दिवशी कुंडी दुकानात आली. तिथं आरशाशेजारी अर्धा दिवस ऊन असायचं. मेहुणीनं दिलेल्या बाटलीतलं खत पंधरा दिवसांनी चमचाभर. महिन्याभरात दोन पानं आली, काडीसारखी. काका केस कापताना थांबून ती बघत. एकदा खुर्चीतल्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "किती ठेवू?" म्हातारा इतका दचकला, की त्यानं मागं वळून दुसरं कोणी कापतंय का ते पाहिलं.

सहा महिन्यांनी मेहुणीनं बजावलं, "आता पाणी बंद. पानं आपोआप पिवळी पडू देत. मग गार, अंधाऱ्या जागी आठ-दहा आठवडे ठेवायची. झोप हवी असते तिला."

काका "हो" म्हणाले. तीन आठवड्यांनी ती आली आणि तिनं मातीत बोट घातलं. माती ओलीचिंब.

"भावजी, कुजेल ना हो! एवढं साधं ऐकता येत नाही तुम्हाला?"

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काकांनी खुर्ची पुसायला घेतली. पुसलेलीच पुन्हा पुसत राहिले.

"शेवटचे चार दिवस डॉक्टर तुझ्या ताईला तोंडानं पाणी द्यायचं नाही म्हणाले. छातीत उतरत होतं. ती माझ्याकडे बघून मागायची. मी ओला कापूस ओठांवरून फिरवायचो, बस्स." फडकं थांबलं. "आता पुन्हा कोणाचं पाणी माझ्या हातानं तोडू?"

मेहुणीनं एक टॉवेल उचलला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"हा ताईचा दुसरा कांदा," ती हळू आवाजात म्हणाली. "पहिल्याचं पाणी तिलाही तोडवलं नव्हतं. तो कुजला. मग हा आणला, आणि दरवर्षी जिवावर यायचं तरी तोडलं. भावजी, ते पाणी तोडणं निराळं होतं. ताई परत यायची नव्हती. हिला यायचंय."

त्या दिवसापासून काकांनी पाणी घातलं नाही. पानं पिवळी पडली, सुकली, आणि हात लावताच सुटून आली. कुंडी ठेवायला मेहुणीनं वरच्या खोलीतलं टॉवेलांचं कपाट उघडलं. खालच्या फळीवर कुंडीच्या बुडाएवढं मातीचं गोल वळ उमटलेलं होतं. काका बराच वेळ त्या वळाकडे बघत राहिले. अकरा वर्षं याच कपाटातले टॉवेल त्यांनी वापरले होते.

दहा आठवडे टॉवेल काढायला ते स्वतः जात. कांद्याला बोट लावून बघत, दार लावून घेत. एका सकाळी मानेच्या टोकाला काहीतरी हिरवं दिसलं. त्यांनी तिथूनच मेहुणीला फोन लावला.

"आलंय!"

"चपटं आहे की फुगीर? फुगीर असलं तर कळी."

काकांनी चष्मा चढवला, वाकले, दमले. "चपटं."

"मग पानच आहे. यंदा फूल नाही, भावजी. पुढच्या वर्षी कदाचित."

"पण जगली ना?"

"जगली."

काकांनी कुंडी दोन्ही हातांनी उचलून खिडकीत नेली. फोन खांद्याला धरलेलाच होता.

"आता पाणी घालू?"

"घाला, भावजी. घाला."

त्यांनी पेला भरला आणि कोरड्या मातीवर सावकाश, कडेकडेनं ओतला. माती ते सगळं पिऊन गेली. त्यांनी दुसरा पेला भरून आणला.