पेन्सिल सेल आणि पाळण्याची दोरी

माझा कान छातीवर होता. खरंच सांगते. पोलक्याच्या आत, गळ्यात अडकवलेल्या कापडी पिशवीत काड्यापेटीहून जरा मोठा एक डबा असायचा आणि त्यातून निघालेली वायर पदराखालून कानापर्यंत जायची. लोक कानाशी तोंड आणून बोंबलायचे आणि ऐकायचं काम करायचा तो छातीवरचा डबा. कितीदा सांगितलं, बापा, कानात नका ओरडू, इथं समोर बसा आणि साधं बोला. पण बहिरीचं सांगणं कोण मनावर घेतो!

माझं ऐकणं गेलं ते क्षयाच्या इंजेक्शनांनी. वयात आल्यावर आजार निघाला, धंतोलीतल्या डॉक्टरांनी छाती बरी करून दिली, पण त्या सुया कानांना भोवल्या. आधी शिट्ट्या वाजायच्या कानात, मग त्याही थांबल्या. बोलणं माझं शाबूत होतं, म्हणून लोकांना वाटायचं ही सोंग करते. एक तर क्षयाची मुलगी, त्यात बहिरी. स्थळ यायचं नाव नव्हतं आणि काही वर्षांनी घरात कोणी तो विषयही काढेनासं झालं.

घरी माग होता. बाबा विणायचे आणि मी चरखा घेऊन कांड्या भरायची. कांडी म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची छोटी नळी. ती संपली की विणणारा अडतो, म्हणून भरणाऱ्याचा हात सारखा चालता लागतो. माग जमिनीत खड्डा करून बसवलेला, त्यामुळे त्याचे ठोके मला तळपायांत कळायचे. बाबा कधी थांबले, कधी धागा तुटला, कधी नुसतेच बसून राहिले, सगळं मी पायांनी ऐकायची. आई तेव्हा नव्हती. धाकटा भाऊ एका गिरणीत लागला आणि पहिल्यांदा हातात चार पैसे आल्यावर त्याने मला तो डबा आणून दिला. त्याचे उपकार मी विसरलेली नाही, पुढे काय झालं ते झालं.

डब्याला एक पेन्सिल सेल लागायचा. साधा, कोपऱ्यावरच्या दुकानात टॉर्चच्या सेलांशेजारी ठेवलेला. आता कोणी म्हणेल, सेलात काय एवढं निवडायचं? ज्याचं ऐकणं सेलावर चालतं त्याला विचारा. नवा सेल घातला की पहिल्या दिवशी ताट पडलं तरी मी दचकायची. मग आवाज बारीक होत जायचे. आधी चिमण्या जायच्या. मग रस्त्यावरच्या बायकांचं बोलणं. मग भाऊ. सगळ्यात शेवटी बाबांचा खोकला. तो खोकला लांबून आल्यासारखा वाटू लागला की मी समजायची, संपत आला. आमच्या मोहल्ल्यात असा पक्का समज की उन्हात ठेवला की सेलात परत जीव येतो. मग माझा सेल छपराच्या कवेलूंवर, शेजारी पापड. दातांनी चावून पाहणारेही होते. एखादा दिवस चालायचाही तो, नाही असं नाही.

सेल पुरवायचा म्हणून डबा बहुतेक वेळ बंद. माझ्याशी बोलायला आलेल्याने आधी छातीकडे बोट दाखवायचं, मग मी पदराआडून चाकी फिरवायची, मग त्याने बोलायचं. एवढ्या खटपटीत पुष्कळांचं बोलणं तिथंच विरून जायचं. "काही नाही, राहू दे," असं ओठांवर दिसायचं. त्या "काही नाही"चा मला जेवढा राग यायचा तेवढा कशाचाच नाही आला. अरे, काही नाही तर काही नाही, तेच सांगा ना! भावाचं लग्न झाल्यावर घरात तीन माणसं हसत असायची आणि मी मध्ये बसून त्यांच्या तोंडांकडे बघत हसायची, एक क्षण उशिरा. भर घरात मी एकटी होती आणि ते कोणाला दिसत नव्हतं, कारण मी दिवसभर सगळ्यांच्या समोरच असायची.

मग भावाला मुलगी झाली.

भावजय उमरेडची, विणकरांच्याच घरातली. मनाने वाईट नव्हती. पण पोरगी माझ्याजवळ ठेवायची वेळ आली की ती काहीतरी निमित्त काढायची. विहिरीवर जाताना शेजारणीकडे देऊन जायची. ताईला कायले त्रास, म्हणायची. त्रास! मला ती पोट्टी हवी होती. दुपारभर का होईना, माझ्या एकटीच्या भरवशावर हवी होती. दुसरं काही मागायला मला जागाच उरली नव्हती, म्हणून असेल, पण जेव्हा ती शेजारणीच्या कडेवर जाताना दिसायची तेव्हा माझ्या हातातलं सूत तुटायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात भावजयीच्या आईला उमरेडहून धंतोलीतल्या एका दवाखान्यात आणलं. रोज दुपारी जेवणाचा डबा न्यायचा होता. उन्हाची लू अशी चालायची की कुत्रीसुद्धा नालीत बसून असायची, अशा उन्हात तान्ह्या पोरीला कुठं घेऊन हिंडणार? शेजारीण माहेरी गेलेली. मी म्हटलं, मी आहे ना. भावजयीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने बाबांकडे. बाबा म्हणाले, ठेव, पोट्टी कुठं पळून चालली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच सीताबर्डीला गेली. कोपऱ्यावरचा सेल या कामाला नको, मला सगळ्यात चांगला सेल हवा होता. दुकानदाराने मला बसवलं, माझा डबा हातात घेऊन पाहिला आणि एक परदेशी सेल काढला, पाऱ्याचा, आपल्या सेलाएवढाच पण हाताला जड. या सेलाचा गुण त्याने मला समजावून सांगितला. साधा सेल पहिल्या दिवसापासून उतरत जातो, हा शेवटपर्यंत एकसारखा आवाज देतो. घालून दाखवला. दुकानाबाहेर सायकलची घंटी वाजली आणि मी मान वळवली. दुकानदार खुश. मी त्याला विचारलं की मग संपत आला हे कळायचं कसं? तो हसला. म्हणाला, बाई, एवढ्यात संपतच नाही. मला ते उत्तर पुरलं. तेव्हा मला आणखी कितीतरी कमी उत्तर पुरलं असतं.

काय ते दिवस होते बाप्पा! वाळ्याच्या पडद्यावरून पाण्याचे थेंब टपकतात हे मी विसरूनच गेली होती. पोट्टी झोपेत चोखल्यासारखा आवाज करायची, तोही यायचा. माझा स्वतःचा चरखा कसा गुणगुणतो ते मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. डबा दिवसभर चालू ठेवला. भावाने एकदा पाठीमागून हाक मारली आणि मी "काय गा?" म्हणून वळली, तर त्याचे डोळे भरून आले. मेल्याला रडायला काय झालं, असं म्हणून मीही रडली.

आता दोरीचं सांगते. आमच्याकडे कांड्या भरणाऱ्या बायका पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधतात. हात चरख्यावर, पाय पाळण्यावर. मूल हललं की दोरी ओढली जाते. पाळणा आतल्या खोलीत, अंधारात, थंड जागी, आणि चरखा समोरच्या खोलीत, उजेडाला. दोरी दारातून आत गेलेली. पहिले काही दिवस मी बांधली. चुळबुळ झाली की अंगठ्याला कळायचं आणि पाठोपाठ कानालाही. मग वाटलं, दोन दोन कशाला?

त्या दुपारी बाबा साड्या द्यायला इतवारीत गेले होते, भाऊ कामावर. भावजय जेवणाचा डबा घेऊन निघाली आणि उंबऱ्यात थांबून म्हणाली, "ताई, दोरी बांधून घेजा वं."

मला झोंबलं ते. एवढा सेल आणला, एवढे दिवस पोट्टीचं एक रडणं चुकवलं नाही, आणि हिला अजून दोरीच आठवते!

"काहून? मी काय आता बहिरी आहो?"

ती कसनुशी हसली आणि गेली. मी दाराला आतून कडी लावली, कारण वाऱ्याने दार आपटायचं आणि पोट्टी जागी व्हायची. दोरी गुंडाळून पाळण्याच्या खुंटीवर ठेवली. चरखा घेऊन बसली. चरखा गुणगुणत होता, कांड्या भरत होत्या, पोट्टी झोपली होती. मला आतून फार बरं वाटत होतं. या घरात माझ्या भरवशावर कोणीतरी झोपलंय, एवढाच विचार पुन्हा पुन्हा येत होता.

सेल कधी संपला ते मला माहीत नाही. त्यातच सगळं आलं. चिमण्या गेल्या असत्या तर कळलं असतं, पण त्या उन्हात चिमण्या कुठं? रस्ता सामसूम, माग बंद. आणि चरखा तर चालूच होता माझ्या बोटांत. लहानपणापासून ज्या चाकावर हात ठेवला त्याची थरथर बोटांत आली की डोक्यात आवाज आपोआप वाजतो. मी तोच ऐकत बसली होती. मला वाटत होतं कानाने ऐकते आहे.

मग जमिनीतून ठोके कळले. तळपायांत. मला आधी वाटलं बाबा मागावर बसले. मग आठवलं, बाबा तर घरी नाहीत.

दार उघडलं तर भावजय, तिच्यामागे गल्लीतल्या दोन बायका, सगळ्यांची तोंडं हलत होती आणि आवाज कशालाच नव्हता. ती मला ढकलून आत गेली. मी मागोमाग. पोट्टी पाळण्यात लालबुंद होऊन पडली होती, ओकलेली, मुठी आवळलेल्या, तोंड उघडं आणि त्यातून बहुतेक आता आवाजही निघत नसावा, कारण त्या बायका एकमेकींना गळ्याकडे हात करून दाखवत होत्या. तिला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. घसा बसला, संध्याकाळपर्यंत दूध प्यायली. पण भावजयीने तिला छातीशी धरलं, खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली. ओठ अगदी स्पष्ट हलले.

"दोरी कुठं हाय?"

खुंटीवरच होती. मी डब्याची चाकी शेवटपर्यंत फिरवली, उलटी फिरवली, डबा हातावर आपटला, सेल काढून पाहिला. मेला तो सेल हाताला तसाच जड लागत होता.

मला कोणी बोललं नाही. बोललं असतं तर भांडली असती मी, मला भांडता चांगलं येतं. भाऊ रात्री माझ्या ताटात दुप्पट भाजी वाढत होता, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून भावजय पोट्टीला ओल्या पंच्यात गुंडाळून धंतोलीला नेऊ लागली. मी कोपऱ्यावरचा साधा सेल आणून घातला, तोच जो जाताना सांगून जातो, आणि दोरीची गाठ अंगठ्याला बांधून दाखवलीसुद्धा. तिने मान हलवली, हो ताई म्हणाली, आणि पोरीला उचलून निघून गेली.

पुढे भावाला चंद्रपूरकडे खाणीत नोकरी लागली, राहायला क्वार्टर मिळालं, आणि ते गेले. पाळणा इथंच राहिला, कारण तिकडे लोखंडी घेतला म्हणे. घरात मी आणि बाबा. बाबांना माझ्याशी बोलायला हात पुरायचे, लाल सूत हवं की पिवळं एवढंच तर असायचं. सेल डब्यात ठेवून दिला की पाझरतो आणि आतलं सगळं खातो, म्हणून मी तो काढून ठेवला. मग नवा घालायचा राहून गेला. डबा मात्र गळ्यात असायचा. सवय, आणि बाहेरच्यांना दिसावं म्हणून, की बाई बहिरी आहे, उगाच रागावू नका.

अशीच एका दिवाळीला ती सगळी आली. पोट्टी आता चुरूचुरू बोलणारी झाली होती. पहिल्यांदा लांबून पाहत राहिली, मग चरख्याजवळ येऊन बसली, मग माझ्या मांडीवर. वायर कुठून येते ते तिने बोटाने शोधत आणलं. कानापासून मानेवर, मानेवरून पदराखाली, आणि डब्याशी थांबली. आणि मग तिने काय करावं? तोंड सरळ माझ्या छातीला लावलं, डब्याच्या जाळीवर, आणि बोलायला लागली.

एवढी वर्षं सगळी मोठी माणसं कानात ओरडली. या एवढ्याशा पोरीला न सांगता कळलं कुठं बोलायचं ते. आणि डब्यात सेल नव्हता.

ती खूप वेळ बोलली. मध्येच थांबून माझ्याकडे बघायची, मी मान हलवली की परत तोंड लावायची. तिचा श्वास पोलक्यातून गरम लागत होता, बोलणं बरगड्यांत गुदगुल्या करत होतं. काहीतरी फार महत्त्वाचं असावं, कारण एकदा तिने डबा दोन्ही हातांनी झाकून घेतला, कोणी ऐकू नये म्हणून. थांब, सेल आणते, असं मी म्हणू शकली असती. पण मग ती उठली असती. मी हो हो करत राहिली. दुपारच्या गाडीने ते गेले.

त्याच संध्याकाळी मी कोपऱ्यावर जाऊन सेल आणले आणि त्यानंतर डबा कधी रिकामा ठेवला नाही. बोलणारं कोणी असो नसो. चिमण्या गेल्या की सेल बदलायची.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा शाळेत जाऊ लागली होती. मी डबा पदराबाहेर काढून बसली होती, नवा सेल घातलेला. ती दारातूनच माझ्या तोंडाकडे बघून ओरडली, "आत्या, आम्ही आलो!" शेजारच्या तीन घरांना ऐकू गेलं असेल. कोणीतरी शिकवलं असणार, आत्याशी मोठ्याने बोलायचं.

मी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, त्या दिवाळीला माझ्या डब्यात काय सांगितलं होतंस गं? तिला आठवत नव्हतं.