परब बाईंचा आवाज बसला तेव्हा

लतिका परब बाईंचा तिसरीचा वर्ग आणि माझा चौथीचा, मध्ये फक्त एक लाकडी पार्टिशन. काळाचौकीतली आमची शाळा लहान, मराठी माध्यमाची. नोकरीला लागल्यापासून मी बाईंचं शिकवणं या पार्टिशनमधून ऐकत आले. आणि मीच कशाला, खालच्या लाँड्रीवाल्यालाही बाईंमुळे तेराचा पाढा पाठ आहे. डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेली बाई. तिथे गॅलरीच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय, ती शाळेत आली तशीच राहिली.

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि पार्टिशनपलीकडे एकदम शांतता. मी धावत गेले. बाई फळ्यापुढे उभ्या, गळ्याला मफलर, हातात पाटी. पाटीवर लिहिलं होतं, "स्वरयंत्रावर गाठी. डॉक्टर म्हणतात, एक शब्दही बोलायचा नाही."

मुख्याध्यापक रघुवीर सर म्हणाले, "बाई, सरळ रजा घ्या. आवाजाशिवाय मास्तरकी कशी करणार?"

बाईंनी पाटी पुसली आणि लिहिलं, "कपाट उघडा."

कपाटात एका संस्थेने दिलेले सात-आठ टॅब होते. वर्षभर तसेच पडून. बाईच त्यांच्या सगळ्यात जास्त विरोधात होत्या. "यंत्र काय शिकवणार पोरांना?" हे त्यांचंच वाक्य. आता त्याच बाई माझ्याशेजारी बसून तिसरीच्या गणिताचे व्हिडिओ बघायला लागल्या. एखादा आवडला नाही की नाक मुरडायच्या, आवडला की माझ्या दंडावर थाप मारायच्या. आठवडाभर माझा दंड दुखत होता!

मग त्यांनी वर्गाचे तीन गट केले. एक गट टॅबवर धडा बघणार. दुसरा काड्या, मणी, मापं घेऊन तेच हाताने करून बघणार. तिसरा बाईंजवळ बसणार. थोड्या वेळाने बाई भजनातला टाळ वाजवणार, की सगळ्यांनी जागा बदलायच्या. चार्जिंगला एकच प्लग होता. बाईंच्या वर्गातल्या श्रेयाचे बाबा धनेश गणपतीत मंडळाची लायटिंग करतात. ते एका दुपारी आले आणि भिंतीवर प्लगांची रांगच लावून गेले.

पहिले दोन दिवस नुसता गोंधळ. टॅबवरून भांडणं, मणी जमिनीवर, टाळ कोणाला ऐकूच येईना. मला वाटलं, संपलं. पण तिसऱ्या दिवशी पार्टिशनपलीकडून एक वेगळाच आवाज यायला लागला. पोरं बोलत होती. गणिताबद्दल बोलत होती!

त्याच आठवड्यात मनूची गोष्ट घडली. मनू साळगावकर वजाबाकीत नेहमी चुकायचा. बाईंनी त्याला फळ्यावर किती वेळा समजावलं असेल, माझ्या चौथीलाही ते ऐकून पाठ झालं होतं. आता बोलता येत नव्हतं, म्हणून बाई त्याच्याशेजारी गप्प बसून नुसत्या बघत राहिल्या. बावन्न वजा अडतीस. मनूने उत्तर लिहिलं सव्वीस. बाईंनी भुवई उंचावली.

मनू म्हणाला, "बाई, दोनातून आठ जात नाही ना? मग मी आठातून दोन घालवले. कोणीतरी जायलाच पाहिजे."

बाई मधल्या सुट्टीत माझ्याकडे जवळजवळ पळत आल्या. पाटीवर खडू नुसता खडखडत होता. "अक्षता, पोरगा उलट वजा करतो! मला कधी कळलंच नाही. मी बोलतच होते!"

सुट्टीनंतर त्यांनी मनूपुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि अडतीस काढून दे अशी खूण केली. मनूने सुट्या काड्या परत परत मोजल्या. मग त्याने एका गठ्ठ्याचा रबर ओढून काढला, काड्या खळकन पसरल्या आणि हा केवढ्यांदा ओरडला, "आयला, बारा झाले! आता आठ जातात!"

बाईंनी लगेच टॅब श्रेयाच्या हातात दिला. मनू परत सगळं करून दाखवत होता आणि श्रेया शूटिंग करत होती. "ऐका रे, सुटे कमी पडले तर उलटं नाय करायचं. बाजूवाल्याकडे जायचं, एक गठ्ठा सोडून आणायचा. बाजूवाल्याचा एक कमी झाला, ते विसरायचं नाय, काय?" दुसऱ्या दिवशी टॅबवर पोरांनी आधी मनूलाच लावलं. कळलं नाही की मागे घेऊन परत बघत होती. त्यानंतर प्रत्येकालाच आपला व्हिडिओ करायचा होता. बाईंनी अट घातली, आधी काड्यांवर करून दाखवा, मग कॅमेरा.

इतकं छान चाललेलं असताना पालक आले. पुढे मनूची आजी रखमा साळगावकर, पदर खोचून. "सर, घराक मोबाईल, हंय शाळेत पण मोबाईल! बाई तर तोंडच उघडत नाय. मग शिकवता कोण?"

रघुवीर सर गडबडले. "आजी, तक्रार असेल तर आपण उद्यापासून बंद करू."

बाईंचे डोळे भरून आले. बोलता येत नव्हतं. मी त्यांच्या वतीने काही म्हणणार, तेवढ्यात त्यांनी आजीचा हात धरला, वर्गात नेलं, मनूच्या गटात बसवलं आणि टाळ वाजवला.

आजीने नातवाकडे संशयाने बघितलं. "सांग बगूया. माशांच्या पाटीत बासष्ट बांगडे. पंचेचाळीस गेले. रवले किती?"

मनूने काड्या मांडल्या. गठ्ठा सोडला. "आजी, दोनातून पाच जात नाय, म्हणून हा गठ्ठा सोडला. आता बारातून पाच गेले, सात. इथे पाच गठ्ठे उरलेत, त्यातले चार गेले. सतरा बांगडे!"

आजीने बोटांवर हिशोब केला, एकदा, परत एकदा. "अगो बाय! ह्येका येता मगे!" असं म्हणत तिने मनूच्या पाठीत असा धपाटा घातला की काड्या पुन्हा विखुरल्या. बाकीचे पालक हसत हसत खाली मांडी घालून बसले. रघुवीर सरही बसले, आणि कोणी बघत नाहीसं पाहून एक गठ्ठा सोडून बघितला.

बंद करण्याचं नाव मग कोणी काढलं नाही.

नाताळच्या सुमारास बाईंचा आवाज परत आला, थोडा घोगरा. मला वाटलं, आता तेराचा पाढा सुरू. पण गट तसेच राहिले. आता बाई बोलतात, पण आधी मुलाचं सगळं ऐकून घेतात. नंतर मीही चौथीत तीन गट केले, त्यामुळे टॅबसाठी आमची रोज गोड भांडणं होतात.

फेब्रुवारीत बाईंनी पोरांना टॅबवर रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, फिल्म दाखवली, प्रश्न काढायला सांगितले आणि दोन्ही वर्ग घेऊन आम्ही शिवडीच्या जेट्टीवर गेलो. ओहोटी होती. चिखलावर लांबपर्यंत गुलाबी रंग पसरलेला. पोरं सगळी एकदम बोलायला लागली. श्रेया म्हणाली, "बाई, फिल्ममध्ये ते गुलाबी होते, पण हे काही करडे का?"

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "मला माहीत नाही गं. चल, शोधून काढू या!"

आणि त्या चिखलाच्या कडेने पोरांच्या पुढे चालायला लागल्या.