नणंदबाईंनी पाठवलेलं पार्सल

माझ्या मोठ्या नणंदेला भेटून आलेला माणूस तोंडाचा आ मिटून घरी गेला, असं रायपुरात आजवर घडलेलं नाही. मी लग्न होऊन अकोल्याहून इथे आले, त्याला आता केस पिकण्याइतका काळ लोटला, पण त्यांच्या धक्क्यांची मला अजून सवय झालेली नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या आहेरातला एक स्टीलचा डबा उचलला, झाकण दोन-तीनदा लावून पाहिलं आणि ज्या बाईंनी तो दिला होता त्यांच्या घरी स्वतः नेऊन पोचवला. "झाकण बसून नाही राहिलं. दुकानदारानं तुमाले फसवलं, बदलून आणा," असं वर सांगूनही आल्या. मी नवी नवरी, हे ऐकून लाजेनं अर्धी झाले. आता या शहरात आपल्याशी कोण बोलणार, म्हणून रात्रभर झोप नाही. आणि ती बाई दुसऱ्या दिवशी नवा डबा घेऊन हजर, तोही आधीच्यापेक्षा मोठा! नणंदबाईंच्या पाराभर, म्हणजे सगळ्या मोहल्लाभर, ओळखी आहेत आणि त्यातली एकही तुटत नाही, हे कसं काय, ते मला विचारू नका.

कौतुक मात्र त्यांना सोसत नाही. त्यांच्या हातच्या पाटवड्यांना तोड नाही, पण हे त्यांच्या तोंडावर म्हणायची सोय नाही. म्हटलं की चेहरा पडलाच. "खरं सांग, रस्सा पातळ झाला ना?" नाही म्हणावं, तर मग तिखट कमी पडलं असेल. तेही नाही म्हणावं, तर त्या ताटासमोर फतकल मारून बसतात आणि उलटतपासणी सुरू करतात. आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ, लहानपणापासून पोळलेले. ते पहिला घास घेतात आणि "ताई, मीठ जरा कमी वाटतं," म्हणून मोकळे होतात. मग नणंदबाई खूश! आणखी दोन वड्या वाढल्या जातात. मी सुरुवातीला बिचारी मनापासून वाहवा करायची आणि जेवण थंड करून घ्यायची. आता मीही दोष काढायला शिकले आहे.

ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्या घरात, रस्त्याकडच्या खोलीत, पायाचं शिलाई मशीन आहे. तान्ह्या बाळाचं झबलं, टोपरं, दुपटं शिवावं तर नणंदबाईंनीच. शिवण बाहेरच्या अंगाला, म्हणजे बाळाला दोरा टोचत नाही, आणि बटणाच्या जागी मऊ बंद. हे सगळं त्या हौसेनं ओळखीपाळखीत शिवून द्यायच्या. त्याचा धंदा केला तो त्यांच्या सुनेनं, रश्मीनं. ही बिलासपूरकडची, हिंदी घरातली. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. चांगली बँकेतली नोकरी सोडून तिनं सासूच्या झबल्यांचं इन्स्टाग्रामवर पान काढलं. फोटो ती काढणार, गिऱ्हाइकांशी ती बोलणार, पार्सलं ती पाठवणार, आणि शिवणार सासू. नोकरी सोडली म्हणून माहेरी बोलणी खाल्ली ती वेगळीच. तेव्हा हा धंदा चालणं तिच्यासाठी किती गरजेचं होतं ते मी पाहत होते. रश्मीला मूल नाही. तो विषय त्या घरात कोणी काढत नाही. ज्या बाईला जगातला कुठलाच विषय वर्ज्य नाही, तिनंही तो कधी काढला नाही, याचंसुद्धा मला नवलच वाटत आलंय.

पहिल्या सहा-आठ महिन्यांत नणंदबाईंनी या धंद्याची वाट लावायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. एक गिऱ्हाईक घरी आलं, पाच झबली मागितली. नणंदबाईंनी दोनच दिली. "लेकरू महिन्याभरात वाढते. पाच घेऊन लोणचं घालतं का?" असं त्याला विचारलं. रश्मी आतल्या खोलीत कपाळाला हात लावून बसली, आणि मी तिच्याजवळ. तरी धंदा हळूहळू चालला होता. आणि अशात एका ब्लॉगरबाईचा निरोप आला. बाळंतपण, बाळाचं खाणंपिणं, कपडे, यांवर ती लिहायची, व्हिडिओ करायची. आपल्याच शहरातली, तिलाही चार महिन्यांचं बाळ. म्हणाली, मला एक संच फुकट पाठवा, मी वापरून लोकांना सांगते.

त्या रविवारी जेवायला आम्ही तिकडेच होतो, त्यामुळे ही पंचायत आमच्या ताटावरच बसली. रश्मीचं म्हणणं, पाठवावं. जाहिरातीला आपल्यापाशी पैसा नाही, आणि सगळे छोटे धंदेवाले असंच करतात. पुन्हा तिची तीच म्हणायची, की एकीला दिलं तर दहाजणी मागतील, आणि मम्मीजींची एक दुपार जाते एका झबल्यात. म्हणजे तिचं तिलाच ठरत नव्हतं. नणंदबाईंनी आधी चौकशी केली, की ती आपली कोण लागते. कोणीच नाही, असं कळल्यावर, मग फुकट काहून, हा दुसरा प्रश्न. ती चांगलं लिहील म्हणून, असं रश्मीनं समजावलं. आणि चांगलं नाही वाटलं तर? रश्मी हसली. "अच्छा ही लिखेगी, मम्मीजी. फ्री में जो मिल रहा है."

नणंदबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा थक्क झालेलं पाहिलं. म्हणजे बापा, हे तिचं तोंड बंद करायला कपडा पाठवायचा? आणि लोक ते खरं मानून विकत घेणार? त्यांना काही केल्या ते पटेना. फुकट देणं म्हणजे आहेर, आणि आहेर देऊन वर कौतुक मागणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी नाही म्हटलं, रश्मीनं ताट उचललं, आणि आम्ही समता कॉलनीत आमच्या घरी परत आलो. आता हे संपलं असं मी धरून चालले. कुठलं संपतंय! आठवड्याभरानं नणंदबाईंचा फोन. पाठवते म्हणाल्या, पण माह्या पद्धतीनं. मला खरं तर तेव्हाच संशय यायला हवा होता. त्यांनी रश्मीला पार्सलाला हातही लावू दिला नाही. स्वतः शिवलं, स्वतः बांधलं, स्वतः टेप लावली.

व्हिडिओ आला त्या दिवशी रश्मीनं मला मुद्दाम बोलावलं. आम्ही तिघी मशीनच्या खोलीत फोनभोवती बसलो. ब्लॉगरबाईनं पार्सल उघडलं. झबलं गालाला लावलं. "इतना सॉफ्ट!" म्हणाली, आणि रश्मीनं माझा हात दाबला. मग बाईनं झबलं उलटसुलट केलं, आणि तिचा हात थांबला. खालच्या काठाशी एक काळी खूण होती. न जाणाऱ्या शाईची, धोबी कपडे ओळखायला घालतो ती. बाईनं ती खूण कॅमेऱ्याजवळ धरली. तिचा चेहरा असा झाला, की मला अजून आठवतो. "ये तो किसी का पहना हुआ कपड़ा है," ती म्हणाली. "मेरे बच्चे के लिए किसी ने पुराना कपड़ा भेजा है."

ती खूण मी ओळखली. त्रिशूळासारख्या तीन रेघा आणि खाली टिंब! माझ्या सासऱ्यांच्या प्रत्येक धोतरावर ती असायची. मी नणंदबाईंकडे पाहिलं. वाटलं, चूक झाली असेल, कापड बदललं गेलं असेल. छे! त्यांचा चेहरा फुललेला. "ओळखलं नाही काहून गं? आपल्या दादांचं धोतर आहे!"

 कर्म माझं, एका परक्या बाईला, जगासमोर दाखवायला, वारलेल्या माणसाचं धोतर! आणि नणंदबाई मला समजावून सांगत होत्या, की नव्या कापडाला खळ असते, ती तान्ह्या अंगाला टोचते, आपल्या घरातली सगळी लेकरं दादांच्या धोतराच्या झबल्यांत वाढली, तुह्यी दोन्हीसुद्धा, आणि दादा नव्वदीपर्यंत काठी न घेता बुढ्या तलावापर्यंत फिरून यायचे, ते आयुष्य लेकराला लागते. विकायचं तर नवंच विकावं. पण फुकट द्यायचं म्हणजे घरच्यांना देतो तसंच द्यायला नको का? आता या बोलण्याला उत्तर काय द्यायचं, तुम्हीच सांगा. मी हात टेकले. रश्मी मात्र उठली आणि आत गेली.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. व्हिडिओखाली लोकांनी वाटेल ते लिहिलं. हे कपडे दवाखान्यातून उचललेले असतील, इथपर्यंत मजल गेली. सांगितलेली कामं लोकांनी रद्द केली. रश्मीनं पान उघडणं सोडलं. ती भांडली असती तर नणंदबाईंना चाललं असतं, भांडण त्यांना समजतं. पण ती कामापुरतं "हाँ मम्मीजी, नहीं मम्मीजी" करायची आणि खोलीत जायची. नणंदबाईंचं जेवण कमी झालं. त्यांनी पाटवड्या केल्या, मी सवयीनं मीठ कमी म्हटलं, तर "असंल" म्हणून उठून गेल्या. मला भीतीच वाटली.

दोन दिवसांनी त्या सकाळीच आमच्या दारात उभ्या. ब्लॉगरबाईकडे चल, म्हणाल्या. झबलं परत आणायचं. मी हादरले. दिलेला आहेर परत मागायचा? मी विनवलं, रागावले, शेवटी गाडी काढली. मांडीवर एक पिशवी धरून त्या मागे बसल्या. शहराच्या नव्या बाजूला एका उंच इमारतीत ती राहायची. दार तिनंच उघडलं. व्हिडिओतली ती हीच का, असं मला वाटलं. केस विस्कटलेले, खांद्यावर रडकं पोर, डोळ्यांखाली काळं. आम्ही कोण ते कळल्यावर तिचा रंगच उडाला.

"डर मत, बेटा," नणंदबाई म्हणाल्या. "तूने झूठ नहीं बोला. कपड़ा पुराना ही था, मेरे बाप की धोती का. तेरे को बताना था, मैंने नहीं बताया. वो मेरे को वापस दे दे. ये नया लाई हूँ."

 ती आत गेली आणि झबलं घेऊन आली, धुऊन घडी केलेलं. व्हिडिओ काढून टाकते म्हणाली, तर नणंदबाईंनी तिला थांबवलं. खोटं काहीच नव्हतं, मग काढायचा कशाला! माझ्या मनात आलं, रश्मीनं हे ऐकलं असतं तर इथेच खाली बसली असती. शेवटी ब्लॉगरबाईनंच व्हिडिओखाली लिहिलं, की कापड घरातल्या आजोबांच्या धोतराचं होतं, आणि मला ते ठाऊक नव्हतं. काहींनी मानलं, काही हसले.

परतलो तेव्हा रश्मी मशीनच्या खोलीत फोन घेऊन बसली होती. नणंदबाईंनी झबलं तिच्या पुढ्यात ठेवलं. आता तुह्या धंद्याले याच्यापायी त्रास नाही होणार, असं काहीसं म्हणाल्या. रश्मीनं झबल्यावर हात ठेवला आणि तिचा बांध फुटला.

"धंधे का नहीं था, मम्मीजी," ती म्हणाली. "वो आख़िरी टुकड़ा था. आपने मेरे बच्चे के लिए रखा था, मुझे मालूम था. आपने किसी और को दे दिया, तो मुझे लगा अब आपने भी उम्मीद छोड़ दी."

 त्या धोतराचा तुकडा उरलाय हे मला ठाऊकच नव्हतं. इतके दिवस मी गिऱ्हाइकांचा हिशेब करत होते, आणि या पोरीच्या मनात हे! नणंदबाई स्टुलावर बसल्या. 

"उमेद नाही सोडली, पोरी," त्या म्हणाल्या. "तू कपाट उघडायची, ते कापड दिसलं की तुह्यं तोंड उतरायचं. मले वाटलं, माह्यं ते जपून ठेवणंच तुले टोचून राहिलं. म्हणून घराबाहेर काढलं. चांगल्या कामाले जाईल म्हटलं."

रश्मीनं डोळे पुसले. झबलं उचलून आत गेली, कपाटाचं दार वाजलं, आणि बाहेर येऊन तिनं पुन्हा फोन हातात घेतला. आणखी एका ब्लॉगरबाईचा निरोप पडून होता, एक संच फुकट पाठवा म्हणून. काय लिहू, तिनं सासूला विचारलं.

"लिही की फुकट आम्ही फक्त घरच्यांले देतो."

रश्मीनं ते हिंदीत लिहिलं, आणि तेवढी ओळ पानाच्या माथ्यावरही टाकली. कामं पुन्हा येऊ लागली आहेत, पूर्वीपेक्षा कमी, पण येतात. नणंदबाई अजूनही गिऱ्हाइकांना परत पाठवतात आणि मी अजूनही अवाक होते. झबलं रश्मीच्या कपाटात आहे, तिच्या साड्यांमध्ये. तिथे ते किती दिवस राहणार, ते आम्ही कोणी तिला विचारत नाही.